आईने चालून दिलेली पावलं

मी दवाखान्यात हाताला सलाईन लावून पडले होते, त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त चाललेली बाई मीच होते. फोनमध्ये माझ्या नावासमोर सोनेरी मुकुट झळकत होता आणि खाली सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग लावली होती. मला मात्र कूस बदलायलाही दोन माणसं लागत होती.

हे कसं झालं ते लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरी सिकलसेल आहे त्यांच्यासाठी, आणि विशेष करून त्यांच्या आयांसाठी. औषधं, गोळ्या, रक्ताची टक्केवारी यातलं मी काही सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतील आणि ते माझ्यापेक्षा नक्कीच बरं सांगतील. मी सांगणार आहे ते लपवण्याचं, फोनचं आणि आईच्या पायांचं.

इळा

माझं गाव आरमोरीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, वसलेलं. सातवीत असताना शाळेत रक्त तपासणारी मंडळी आली. सगळ्या पोरींची बोटं टोचली. पुढच्या आठवड्यात चार जणींच्या घरी निरोप गेला, त्यात मी होते.

आरोग्य केंद्रातल्या बाईंनी आईला कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तातल्या पेशी गोल असतात, हिच्या वाकड्या होतात, विळ्यासारख्या, आणि मग बारीक नसांमध्ये अडकून बसतात. माझ्या आईने शाळा चौथीपर्यंतच पाहिलेली, पण विळा तिच्या हातात रोजचा होता.

"इळा म्हणजे कापनारच," ती म्हणाली. बाईंना पुढे काही समजावावं लागलं नाही.

परतीच्या बसमध्ये आईने मला खिडकीची जागा दिली, भज्यांची पुडी दिली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "पोरी, हे कोनालेच सांगशील नाई. आज्जीलेबी नाई." मी का म्हणून विचारलं. "लगन होनार नाई तुहं."

मी बारा वर्षांची होते. लग्नाचं मला काही पडलं नव्हतं. पण भजी गरम होती आणि आई पहिल्यांदा माझ्याशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलली होती, म्हणून मी हो म्हटलं. ते हो मी सतरा-अठरा वर्षं निभावलं.

लपवणं आमच्याकडे फार अवघड नाही, हेही सांगून टाकते. अधूनमधून मला दुखण्याचा झटका यायचा, अंग तापायचं, दोन-चार दिवस मी आडवी असायची. कोणी विचारलं की आई म्हणायची, "मलेरिया." आमच्या जिल्ह्यात मलेरिया म्हटलं की समोरचा स्वतःच्याच मलेरियाची गोष्ट सुरू करतो. तुमचं विचारायचं राहून जातं. आमच्या घरात मलेरिया इतका झाला की गावातल्या मच्छरांनी आईचे आभार मानायला हवेत.

चालते व्हा

नोकरी लागली आणि मी गडचिरोलीत खोली करून राहू लागले. सरकारी ऑफिस, लेखा शाखेत टेबल, खिडकीबाहेर सागाचं झाड. आमच्या अधीक्षक वंदनाताई. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि स्वतःला जे लागलं ते सगळ्या ऑफिसला लावायची सवय. त्यांना साखरेमुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलं. झालं! दुसऱ्या आठवड्यात सगळं ऑफिस चालू लागलं.

त्यांनी प्रत्येकाच्या फोनमध्ये पावलं मोजणारं अॅप टाकून दिलं आणि ग्रुप केला. ग्रुपचं नाव ठेवलं "चालते व्हा". साहेबांनाही त्यात घेतलं.

फोन कसा मोजतो याची मला तेव्हा गंमत वाटायची. फोन खिशात असो की पर्समध्ये, चालताना त्याला जो हिसका बसतो तो त्याला कळतो. तो हिसके मोजतो आणि अॅपला सांगतो, अॅप ग्रुपला सांगतं. टाकताना अॅपने बऱ्याच गोष्टी विचारल्या होत्या. हालचाल पाहू का? ठिकाण पाहू का? मित्रांना दाखवू का? वंदनाताई माझ्या टेबलापाशी घाईत उभ्या होत्या, "हो म्हण, हो म्हण, मले अजून चार टेबलं करायची आहेत," आणि मी सगळ्याला हो म्हटलं. बँकेच्या कागदावर सही करताना मी दुसऱ्यांना चारदा वाचायला लावते. स्वतःच्या पायांच्या बाबतीत एकदाही वाचलं नाही.

संध्याकाळी सगळ्यांचे आकडे एकाखाली एक दिसायचे. मी बहुतेक तळाशी. आणि झटक्याच्या दिवशी शून्य.

"प्रज्ञा, काल तुहा फोन बसून होता का तू?" वंदनाताई भर ऑफिसात विचारायच्या.

"फोन घरी राहिला ताई."

"दर महिन्याले दोन दिवस कसा काय राह्यते वं घरी? फोनलेबी सुट्टी लागते काय?"

सगळे हसायचे, मीही हसायची. आई माझा आजार सतरा-अठरा वर्षं लपवत आली होती, आणि या अॅपने दोन महिन्यांत त्याची नक्षी काढून भिंतीवर लावली होती. वाचता येणारं अजून कोणी भेटलं नव्हतं, इतकंच.

अशात वंदनाताईंनी त्यांच्या भाच्याचं स्थळ आणलं. वरोऱ्याचा मुलगा, बँकेत नोकरी, घरचे समजूतदार. आईला फोनवरून सांगितलं तर तिचा आवाजच बदलला. जानेवारीत पाहुणे येणार असं ठरलं. आणि एक दिवस वंदनाताई सहज म्हणाल्या, "मी सांगून ठेवलं वरोऱ्याले, पोरगी रोज चालते म्हनून. निरोगी आहे."

त्या दिवसापासून तो आकडा माझ्यासाठी आकडा राहिला नाही. तो माझा दाखला झाला. तळाशी असलेली मुलगी आजारी असते आणि वर असलेली निरोगी, असं मीच माझ्या मनाशी ठरवून टाकलं. मला माहीत होतं की थकवा, थंडी आणि पाणी कमी पडणं, या तिन्हींपासून मी लांब राहायचं असतं. तरी मी चालू लागले.

मैदान

डिसेंबरची सकाळ होती. गावाबाहेरच्या रस्त्यावर आमचं कोणी चालायला जात नाही. तिकडे वाघ फिरतो आणि त्याला आपले आकडे दाखवण्यात कोणाला रस नसतो. म्हणून सगळे शाळेच्या मैदानावर फेऱ्या घालतात. धुकं असं होतं की समोरची बाई आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. मी स्वेटर कमरेला बांधला होता, कारण चालताना गरम होतं. पाण्याची बाटली घरी राहिली होती, आणि ती खरोखरच राहिली होती.

त्या दिवशी मी चौथ्या नंबरवर आले. खूप आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

खोलीवर येऊन चहा ठेवला आणि डाव्या खुब्यात कळ आली. आधी लहान, कोणी बोट ठेवून पाहावं तशी. मग ती मांडीत उतरली, पाठीत चढली, आणि चहा उतू गेला तरी मला गॅसपर्यंत हात नेता आला नाही. सिकलसेलची कळ ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना मला सांगता येणार नाही. हाडाच्या आत कोणी जातं फिरवतंय असं वाटतं, एवढंच म्हणते.

घरमालकिणीने ऑटो बोलावला. मी तिला सांगितलं, "मलेरिया आहे काकू." जीव जात होता तरी तोंडातून शब्द तोच आला. सवय ही अशी असते.

दहापैकी किती

दवाखान्यात पहिला प्रश्न विचारतात तो दुखण्याचा आकडा. "दहापैकी किती?" मी पहिल्यांदा आठ म्हटलं. दहा म्हणायला लाज वाटली, आणि नऊ म्हटलं तर डॉक्टर घाबरतील असं वाटलं. सिस्टरने लिहिता हात थांबवला. मग म्हणाली, "इथी लाजू नका. इथी खरं सांगितलं तर औषध खरं मिळते." मी दहा म्हटलं आणि रडले.

आई पहिल्या बसने आली. घरी धानाची मळणी सुरू होती, बाबा खळं सोडून येऊ शकत नव्हते. तिच्या पदराला अजून भुसा चिकटलेला होता. तिने माझ्या पायांवर आपली चादर टाकली, त्यावर आपली शाल टाकली, मग पाय चेपावे म्हणून हात पुढे केला आणि मध्येच थांबवला, कारण हात लावला की मी ओरडत होते. तिचा तो हवेत थांबलेला हात मला कळेपेक्षा जास्त आठवतो.

वॉर्डाचा दिवस एका ठरलेल्या चाकोरीत चालतो. पहाटे झाडू, मग तापमान, मग चहाची किटली, मग डॉक्टरांची फेरी, मग नातेवाइकांची औषधाच्या खिडकीकडे धाव. नस सापडायला वेळ लागायचा, कारण माझ्या हातांवर आधीच्या सुयांच्या खुणा भरपूर. एक सिस्टर सुई टोचण्याआधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम करायची. तिला हे कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही. शेजारच्या खाटेवरची आजी स्वतःची गरम पाण्याची पिशवी अर्धी रात्र मला द्यायची. आजारपणात माणूस अशा छोट्या गोष्टींवरच जगतो, बाकी सगळं सलाईन असतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेवर टेकून बोलले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "खुब्याच्या हाडाला रक्त कमी पोचतंय. आत्ता सांभाळलं तर सांभाळेल. असं अंगावर काढून, लपवून चालत राहिलात तर खुबा जाईल. तिशीतच काठी घ्यायची आहे का?"

आई पायथ्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. ते गेल्यावर तिने इतकंच विचारलं, "कोन चालायले सांगितलं होतं वं तुले?"



"दे इकडे"

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला खुब्यापेक्षा शून्याची जास्त भीती वाटत होती. ऑफिसला मी घरी काम निघालं म्हणून रजा कळवली होती. पण ग्रुपवर माझ्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. कोणीतरी लिहिलं, "प्रज्ञा मॅडम चालत्या झाल्या वाटतं." वंदनाताईंनी विचारलं, "कुठी आहेस?" आणि दिवसातून दोनदा तो फोन स्वतःच टिंग वाजवून सांगायचा, "उठा! थोडं चालू या!" सलाईन संपत आली की नाही हे त्याला कळत नव्हतं, पण मी उठले नाही हे बरोबर कळत होतं.

एका दुपारी मी फोनकडे पाहून रडत होते.

"काऊन रडून राह्यली? दुखून राह्यलं का?" आई म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. पावलं, ग्रुप, वरोरा, निरोगी. शून्य दिसलं की ताई शोधत येतील आणि मग सगळं संपेल. आईने फोन हातात घेतला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हे तुह्या नावाने मोजते ना?"

"हो."

"मंग पाय कोनाचे आहेत ते थोडंच पाह्यते." तिने फोन कमरेला खोचला आणि पदर नीट केला. "दे इकडे. मी चालून देते."

मला रडता रडता हसू आलं. आणि मी नाही म्हटलं नाही.

आमच्याकडे नवस बोलत नाहीत, कोणासाठी कोणी अनवाणी डोंगर चढत नाही. आई तर अशा गोष्टींवर चांगलीच तोंडसुख घेते. पण त्या दिवसापासून ती दवाखान्याच्या आवारात अशी चालू लागली की पाहणाऱ्याला वाटावं, बाईने काहीतरी मोठं बोलून ठेवलंय. वॉर्डापासून पाण्याच्या नळापर्यंत, नळापासून औषधाच्या खिडकीपर्यंत, तिथून लहान मुलांच्या वॉर्डाला वळसा घालून परत. नुसतं कसं चालायचं म्हणून मग ती लोकांची कामं घेऊ लागली. कोणाची बाटली भरून आण, कोणाची चिठ्ठी दाखवून गोळ्या आण, कोणाचं लेकरू कडेवर घेऊन त्याच्या मायला जेवायला पाठव. दोन दिवसांत अख्खा वॉर्ड तिला "आरमोरीवाल्या बाई" म्हणून हाका मारू लागला.

रोवणीत धानाची रोपं लावत दिवसभर वाकून उलटं चालणारी बाई ती, सरळ चालणं म्हणजे तिला सुट्टी. आमच्या ऑफिसातलं कोणी तिच्या जवळपासही नव्हतं. आठवड्याअखेर मला मुकुट मिळाला. मी तो तिला दाखवला.

"कायचा आहे?"

"पहिला नंबर आला तुझा."

"तुहा," ती म्हणाली, आणि पुन्हा फोन खोचून निघाली.

नकाशा

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत वंदनाताई वॉर्डाच्या दारात उभ्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. एकेक खाट पाहत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"जय भीम," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी जय भीम म्हटलं आणि फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर गडचिरोलीचा नकाशा होता, त्यात या दवाखान्याची चौकट, आणि चौकटीच्या भोवती निळी रेघ. गोल, पुन्हा गोल, त्यावर पुन्हा गोल. लोकरीचा गुंता पडावा तशी. मोकळ्यात चाललं की फोन रस्ताही रेखाटतो आणि ग्रुपला दाखवतो, हे मला माहीतच नव्हतं. हो म्हण, हो म्हण, यात तेही गेलं होतं.

"मले वाटलं कोनी घरचं भरती आहे. तू सेवा करून राह्यली असशीन. म्हनून भाजी-पोया आनल्या." मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, सलाईनच्या नळीकडे पाहिलं. "आनि तूच खाटेवर आहेस. मंग हे चालून कोन राह्यलं?"

नेमकी त्याच वेळी आई दोन भरलेल्या बाटल्या घेऊन आत आली. कमरेला फोन.

मी आईकडे पाहिलं. आयुष्यात इतक्या आशेने मी कोणाकडे पाहिलं नसेन. म्हण आई, मलेरिया म्हण. ही वरोऱ्याच्या मुलाची मावशी आहे. एकदाच, शेवटचं म्हण.

आईने बाटल्या खाली ठेवल्या. कमरेचा फोन काढून माझ्या उशीपाशी ठेवला. पदराने हात पुसले.

"मीच चालून राह्यली होती," ती म्हणाली. "हे नाई चालू शकत. हिले सिकलसेल आहे. लहानपनापासून आहे. मीच सांगू देल्लं नाई कोनाले."

वॉर्डात आवाज तेवढेच होते, किटली, मुलं, खोकला. मला मात्र काही ऐकू येईनासं झालं. वंदनाताई शेजारच्या स्टुलावर हळूच बसल्या.

"वरोऱ्यालेबी सांगून द्या," आई म्हणाली. "त्याईले फसवायचं नाई आमाले."

आणि मला राग आला. कधीतरी हे उघड झालं की मोकळं वाटेल असं मला वाटायचं, तसं काही झालं नाही. संताप आला. ज्या बाईने बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडाला कुलूप लावलं तीच आज मला न विचारता ते उघडते? ताई बाहेर गेल्या तशी मी आईवर ओरडले, जितकं ओरडता आलं तितकं. "तूच सांगितलं होतंस ना कोणाला सांगू नको! मग आता काऊन?"

आई खाटेच्या कडेला बसली. माझ्या पायांवरची चादर सारखी केली.

"चालू चालू पाह्यलं मी इथी," ती म्हणाली. "त्या लेकराईच्या वार्डात जाऊन पाह्य. कितीक लेकरं आहेत याच बिमारीचे. एक माय मले म्हने, बाई, माह्या पोराले सिकलसेल आहे, जरासं पानी आनून देता का? असं म्हने ते. सर्दी झाली म्हनावं तसं. कोनी तिले खाऊन नाई टाकलं. पानी आनून देल्लं मी, बस." तिने चादरीचं टोक नीट केलं. "मले वाटे मी तुहं लगन वाचवून राह्यली. अन् तू पानी मांगाले लाजून राह्यली होती, माय."

मग तिने माझ्या पायावर हात ठेवला. या वेळी दुखलं नाही. दुखलं असतं तरी मी ओरडले नसते.

नंतर

वरोऱ्याहून "कळवतो" असा निरोप आला. त्यानंतर काही कळवलं नाही. वंदनाताईंना वाईट वाटलं, त्यांना माझ्याशी बोलायला आठवडाभर अवघड गेलं. मलाही वाईट वाटलं. एक संध्याकाळ रडून घालवली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. आपण खरं सांगितलं की जग लगेच चांगलं वागतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण ज्या घरात मला रोज खोटं चालावं लागलं असतं तिथे मी गेले नाही, हे खरं. आणि लग्न ठरवणाऱ्यांना एवढंच सांगते, बाकी काय जुळवायचं ते जुळवा, आधी दोघांचं रक्त तपासून घ्या.

ऑफिसात मी स्वतः उभं राहून सांगितलं. ज्याने "चालत्या झाल्या" लिहिलं होतं तो दोन दिवस माझ्याकडे पाहत नव्हता. मग त्याने माझ्या टेबलावर पाण्याची मोठी बाटली आणून ठेवली. वंदनाताई आता पावलांचं विचारत नाहीत. लांबूनच ओरडतात, "प्रज्ञा, पानी पेली का?" त्यांच्या आवाजात ते सगळ्या मजल्याला ऐकू जातं आणि सगळेच पाणी पितात.

फोनवर मात्र अजून सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिराती येतात. आईने जे पंचक्रोशीला कळू दिलं नाही ते कुठल्याशा तेलवाल्याला कळलं. मी एक दिवस बसून सगळ्या परवानग्या वाचल्या आणि एकेक करून बंद केल्या. ठिकाण बंद. नकाशा बंद. "चालते व्हा" मधून बाहेर. फक्त एकाच माणसाला माझी पावलं दिसू द्यायची ठेवली. आईलाही अॅप चालणारा स्वतःचा फोन घेऊन दिला, तिची मला दिसतात आणि माझी तिला.

लक्ष्य मी स्वतः ठरवलं आहे, डॉक्टरांना विचारून. ते इतकं लहान आहे की अॅपला लाज वाटत असेल. खुबा अजून माझाच आहे. पुढच्या तपासणीत काय निघेल माहीत नाही. पण आता दहापैकी किती विचारलं की मी खरा आकडा सांगते.

जुलैत एक दिवस अंग फार दुखत होतं. झटका नव्हता, पण येऊ शकला असता, म्हणून सुट्टी टाकून मी खोलीवर पडून राहिले. पाणी, पांघरूण, खिडकीबाहेर पाऊस. फोन पाहिला तर माझ्यापुढे शून्याच्या आसपास काहीतरी, आणि आईपुढे निव्वळ शून्य.

पूर्वी मी घाबरले असते. आता मला माहीत होतं. रोवणी सुरू होती, सकाळी सगळ्या बाया ट्रॅक्टरवर बसून शेतावर जातात. फोन पिशवीत, पिशवी शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, पळसाला टांगलेली, आणि आई गुडघाभर चिखलात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत मागे मागे जाणारी, सकाळपासून. फोनला आम्हा दोघींचं शून्य सारखंच दिसत होतं. एक आयुष्यात सगळ्यांत जास्त राबणारी, आणि एक आयुष्यात पहिल्यांदा न लाजता पडून राहिलेली.

दिवस कलला तसा तिचा आकडा हलला. म्हणजे पिशवी झाडावरून निघाली. मग फोन वाजला.

"काऊन वं, आज तुहे पाय नाई दिसले?"

"दुखून राह्यलं आई. पडून आहे."

"पानी पेली?"

"पेली. तुझेही पाय नाही दिसले."

"माहे चिखलात होते," ती हसली. मागे बेडकांचा आवाज, तिच्या ओल्या पायांचा चपचप आवाज. "पडून राह्य. उठू नको. घर लांब आहे अजून माहं. इथून घरापर्यंतचे तुह्या नावाने चालते."